सर्व्हर सांभाळायचे की कोड लिहायचा? एका लिनक्स अ‍ॅडमिनचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुण्यातल्या एका मॅनेज्ड सर्व्हिसेस कंपनीतलं, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांचे सर्व्हर सांभाळून देणाऱ्या कंपनीतलं आहे. मुलगा सांगलीकडचा, ऑफिसात सगळे त्याला सांगलीकरच म्हणायचे म्हणून इथेही तेच नाव ठेवतो, बाकी ओळख पटेल असं सगळं काढलंय किंवा बदललंय. मी शेजारच्या टीममध्ये होतो, त्यामुळे बरंचसं डोळ्यादेखत घडलेलं आहे आणि उरलेलं त्याने टपरीवर चहा पिताना सांगितलेलं.

सांगलीकर बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स, २०१८ ला पास आऊट. कॉलेजात सी शिकवताना पॉइंटर (मेमरीतला पत्ता धरून ठेवणारा प्रकार) आले आणि तिथेच त्याने मनाशी ठरवून टाकलं की कोडिंग आपलं काम नाही. असं ठरवलेली पोरं लिनक्सच्या क्लासमध्ये रांगेने भेटतात. हाही पुण्यात आला, कॉट बेसिसवर राहिला, क्लास लावला आणि आरएचसीएसए, म्हणजे रेड हॅट कंपनीची लिनक्सची परीक्षा, दिली. ही परीक्षा पर्यायांवर टिक करायची नसते, समोर मशीन ठेवतात आणि हे करून दाखव म्हणतात, ३०० पैकी २१० मिळाले की पास. त्याला हा प्रकार भारी आवडला, कारण यात पाठांतर चालत नाही, चाललं तर चाललं नाहीतर नाही.

मग नोकरी लागली ती एल-वन मॉनिटरिंगला, म्हणजे सपोर्टच्या पहिल्या पायरीवर. अलर्ट आला की तिकीट उघडायचं, रनबुक (ठरलेल्या उपायांची यादी) बघायचं, जमलं तर सोडवायचं नाहीतर वरती ढकलायचं. दोनेक वर्षांत एल-टू झाला. म्हणजे पॅचिंग (अपडेट टाकणं), डिस्क भरली की व्हॉल्यूम वाढवून देणं, बॅकअप फेल का झाला ते बघणं, सर्टिफिकेट एक्स्पायर व्हायच्या आधी बदलणं (आणि कधीकधी झाल्यावर), बुधवारी चेंजच्या मीटिंगमध्ये मंजुरी घेणं आणि शनिवारी रात्री ते चेंज करणं. तीन शिफ्ट, रोस्टर दर महिन्याला बदलतं. काम चांगलं करायचा. मोठा बिघाड झाल्यावरच्या ब्रिज कॉलवर चाळीस लोक ओरडत असताना हा शांतपणे लॉग वाचायचा, हे मी स्वतः बघितलंय.

अडचण कुठे सुरू झाली

सेंटओएस ७ या लिनक्सच्या आवृत्तीचा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपणार होता आणि त्यांच्या एका क्लायंटकडे चारशेच्या आसपास सर्व्हर त्यावरच होते. इतके का राहिले यालाही कारण आहे. सेंटओएस ८ आधी २०२९ पर्यंत चालणार असं सांगितलं होतं, पण डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की ते २०२१ अखेरच बंद होणार, म्हणजे नवीन आवृत्ती जुनीच्या आधी संपली. मग ज्यांनी ८ वर जायचं ठरवलेलं ते ७ वरच थांबले, थांबले ते थांबलेच, आणि शेवटचं वर्ष आल्यावर सगळे एकदम जागे झाले.

अल्मा लिनक्स या तशाच दुसऱ्या लिनक्सवर जायचं ठरलं. प्रत्येक सर्व्हरसाठी आधी तपासण्यांची एक्सेल शीट भरायची होती: कुठला कर्नल, कुठले माउंट (जोडलेल्या डिस्क), एफएसटॅब या त्यांच्या यादीच्या फाइलमध्ये लिहिलेलं आणि खरंच माउंट असलेलं जुळतं का, बाहेरच्या रेपोतून काय काय घातलंय, कुठल्या पोर्टवर काय ऐकतंय, आणि नंतर हेच परत तपासून फरक बघायचा. हाताने केलं तर एका सर्व्हरला तास सहज. सांगलीकरने अ‍ॅन्सिबलचं प्लेबुक लिहिलं, म्हणजे अनेक सर्व्हरवर एकदम चालणाऱ्या कामांची यादी, सोबत फरक काढून देणारी पायथनची स्क्रिप्ट, आणि सगळी तपासणी काही मिनिटांवर आणली. पॉइंटरला घाबरून पळालेला मुलगा आता रोज संध्याकाळी स्क्रिप्टमध्ये काहीतरी वाढवत बसायचा आणि त्याला स्वतःला कळलंच नाही की आपण कोड लिहितोय.

त्याला स्पॉट अवॉर्ड मिळालं, गिफ्ट व्हाउचरसकट. आणि पुढच्या महिन्याच्या रोस्टरमधून दोन माणसं कमी झाली, काम कमी झालंय ना मग एवढी कशाला असं म्हणून ती दुसऱ्या प्रोजेक्टला पाठवली. नोकरी कुणाची गेली नाही, पण त्यातला एक याचा रूममेट होता. सांगलीकर त्या दिवशी टपरीवर म्हणाला, "दादा, मी अजून चार स्क्रिप्ट लिहिल्या तर माझापण नंबर लागंल." अर्धं चेष्टेत होतं, अर्धं नव्हतं.

त्यात शिफ्टचं होतंच. बायकोची नोकरी दिवसाची, याची महिन्यातले दहा दिवस रात्रीची, दोघं एकमेकांना व्हॉट्सअ‍ॅपवर जास्त भेटायचे. अ‍ॅसिडिटी वगैरे सोडूनच द्या.

समोर काय काय होतं

आहे तिथेच राहून एल-थ्री होणं हा सरळ रस्ता. व्हर्च्युअलायझेशन (एका मशीनवर अनेक आभासी सर्व्हर चालवणं) किंवा स्टोरेज शिकायचं, शिफ्ट हळूहळू सुटते, पण एस्कलेशनचा फोन कायमचा उशाशी. लोक म्हणतात अ‍ॅडमिनचं काम संपलं, क्लाउडने खाल्लं. मला ते पटत नाही. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर ही व्हर्च्युअलायझेशनची कंपनी घेतली, कायमची लायसन्स विकणं बंद करून सगळं सबस्क्रिप्शनवर नेलं, आणि त्यानंतर दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर सरकायला निघालेल्या कंपन्यांना हे काम हाताने केलेली माणसं लागतातच. सांगलीकरच्याच बॅचचा एक जण तिकडे गेला आणि मजेत आहे.

दुसरा पर्याय बाहेरची ऑफर. पद डेव्हऑप्स इंजिनिअर (कोड सर्व्हरवर नेऊन चालवायचं काम स्वयंचलित करणारा), वाढ चाळीस टक्के, घरचे खुश. इथे सांगलीकरने जे केलं ते मला सगळ्यात आवडलं. मॅनेजर राउंडमध्ये त्याने विचारलं की कोड सर्व्हरवर पोचवणारी पाइपलाइन कोण लिहितं, सर्व्हर उभे करणाऱ्या टेराफॉर्मचा कोड कुणाकडे आहे, ऑन-कॉल म्हणजे अवेळी फोन उचलायची पाळी किती जणांत वाटलीय. उत्तरं अशी आली: पाइपलाइन अमेरिकेतली टीम लिहिते, टेराफॉर्म पण तिकडेच, इथली टीम फेल झालेले जॉब परत चालवते आणि तिकीट बघते, ऑन-कॉल तिघांत. म्हणजे तो आज जे करत होता तेच, फक्त पाटी नवीन आणि रात्री जास्त. गूगलमध्ये एसआरई (सिस्टिम विश्वासार्ह ठेवणारे इंजिनिअर) लोकांचं ऑपरेशन्सचं काम निम्म्या वेळेच्या वर जाऊ द्यायचं नाही, उरलेला वेळ इंजिनिअरिंगला, असं तत्त्व त्यांनी जाहीरपणे मांडलेलं आहे. तेवढं सगळीकडे मिळत नाही हे मान्य, पण निदान निम्म्याच्या आसपास काहीतरी बांधायला मिळणार का हे तरी विचारता येतं. चाळीस टक्के सोडवत नव्हते त्याला. आठवडाभर ऑफर लेटर धरून बसला, मग नाही म्हणाला.

तिसरा, नोकरी सोडून सहा महिने फुल स्टॅकचा (वेबसाइटची पुढची-मागची दोन्ही बाजू लिहिण्याचा) क्लास, शंभर टक्के प्लेसमेंटवाला. २०२३-२४ मध्ये मोठमोठ्या आयटी कंपन्यांचा हेडकाउंट वाढायच्या ऐवजी कमी झाला होता, अशा वेळी चालू नोकरी सोडून फ्रेशरच्या रांगेत उभं राहणं म्हणजे वेडेपणाच. यावर एक चहासुद्धा खर्च झाला नाही.

चौथा पर्याय कंपनीतच होता. त्याचं प्लेबुक बघून जावा टीमच्या लीडने सहज म्हटलं होतं, आमच्याकडे येतोस का. पण तिकडे पाच वर्षांचा अनुभव धरणार नाहीत, पदातलं सिनिअर जाणार, शिफ्ट अलाउन्स जाणार, आणि पंचविशीतली पोरं याचा कोड तपासणार.

काय केलं

त्याने लगेच हो किंवा नाही म्हटलं नाही, आधी करून बघू म्हणाला. दोन्ही मॅनेजरना गाठून आठवड्यातल्या तीन दुपारी जावा टीमसोबत बसायची परवानगी काढली. कागदावर याला नॉलेज शेअरिंग म्हटलं, कारण दुसरं काही म्हटलं असतं तर बिलिंगचे प्रश्न आले असते. त्याच्या मॅनेजरने अट घातली की पॅचिंगला हात लागता कामा नये. ठीक.

तिकडे पहिलं काम कुठलं घेतलं तर इन्व्हॉइस बनवणारी एक जावा सर्व्हिस, जी सांगलीकरला आधीपासून चांगलीच माहीत होती. ती दर दोन-तीन दिवसांनी अडकायची, लॉगमध्ये टू मेनी ओपन फाइल्स (एकाच वेळी फार फाइल्स उघड्या), आणि यावर उपाय म्हणून रोज रात्री तीनला तिला रीस्टार्ट करणारा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) लावलेला होता. तो क्रॉन दोन वर्षांपूर्वी एका तिकिटावर खुद्द सांगलीकरनेच लावला होता. तिकीट एसएलएमध्ये (ठरलेल्या मुदतीत) बंद, शेरा वर्कअराउंड अप्लाइड (तात्पुरता उपाय केला), सगळे खुश. कोड त्याच्या हातात नव्हता म्हणून तो रीस्टार्टवर थांबला, आणि जावावाल्यांना काही त्रास होतोय हेच कळलं नाही कारण सकाळी सर्व्हिस चालू दिसायची. दोन वर्षं!

आता कोड हातात होता. दिवसभर थोड्या थोड्या वेळाने त्याने प्रोसेसने उघडलेल्या फाइल्स मोजल्या, आकडा सकाळी दोन-तीनशे आणि वाढत वाढत १०२४ च्या मर्यादेकडे. त्यातली बहुतेक सॉकेट, म्हणजे नेटवर्क कनेक्शन (लिनक्स त्यांनाही फाइल म्हणूनच मोजतं), सगळी पीडीएफ बनवणाऱ्या एकाच अंतर्गत सर्व्हिसकडे जाणारी, आणि सगळी क्लोज-वेट या अवस्थेत. जावा टीमचं म्हणणं ठरलेलं, फायरवॉल कनेक्शन तोडतंय, नेटवर्कवाल्यांना विचारा. यावर सांगलीकरने पांढऱ्या बोर्डवर जे समजावलं ते इथे द्यायलाच पाहिजे. टाइम-वेट दिसलं तर फार घाबरायचं नसतं, ज्याने आधी कनेक्शन बंद केलं त्याच्याकडे ते थोडा वेळ राहतं आणि लिनक्सवर मिनिटभरात आपोआप जातं. क्लोज-वेट तसं नसतं. समोरच्याने फोन ठेवलाय, कर्नलला ते कळलंय, आता आपल्या प्रोग्रॅमने रिसीव्हर खाली ठेवायचाय आणि तो ठेवत नाहीये. याला टाइमआउट नाही, प्रोग्रॅम बंद करेपर्यंत ते तसंच लटकणार. आणि फायरवॉलने गुपचूप तोडलं असतं तर समोरून बंद केल्याचं पॅकेट आलंच नसतं, मग कनेक्शन एस्टॅब्लिश्ड, म्हणजे चालूच, दिसलं असतं. म्हणजे फायरवॉलचा संबंध नाही, चूक आपल्या कोडमध्ये आहे.

खोलीत दोन मिनिटं कुणी काही बोललं नाही असं लीडनेच नंतर मला सांगितलं.

कोड उघडल्यावर सापडायला वेळ लागला नाही. पीडीएफ सर्व्हिसकडून एरर आली की मधूनच एक्सेप्शन फेकलं जायचं आणि कनेक्शन बंद करायची ओळ तशीच राहायची. जावा ७ पासून, म्हणजे २०११ पासून, ट्राय-विथ-रिसोर्सेस आहे, एरर आली तरी उघडलेलं आपोआप बंद करणारी सोय, ती वापरली की प्रश्न मिटतो. बदल पाच-सहा ओळींचा. पण रिव्ह्यूमध्ये चार दिवस गेले, टेस्ट कुठंय म्हणून परत आलं, मग याने आयुष्यातली पहिली युनिट टेस्ट (कोडचा छोटा तुकडा तपासणारा कोड) लिहिली, नावं नीट ठेव म्हणून पुन्हा परत आलं. गंमत पुढे आहे. फिक्स प्रॉडक्शनला गेला आणि याने तो क्रॉन काढायचा चेंज टाकला, तर चेंजच्या मीटिंगमध्ये विचारणा, व्यवस्थित चालू असलेली गोष्ट का काढताय? दोन आठवडे लटकवला.

इथे त्याचा कल ठरला असं त्याला वाटतं. मला वाटतं तसं नाहीये, कारण त्याच्या नंतरच्या दोन आठवड्यांत त्याला साधी कामं दिली आणि तिथे त्याची वाट लागली. एका फॉर्मच्या व्हॅलिडेशनला तीन दिवस. स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कची अ‍ॅनोटेशन्स, कुठून काय कॉल होतंय पत्ता नाही, लॉगमध्ये शोधायची सवय असलेला माणूस पण इथे लॉगच नाही कारण अजून काही चाललंच नाहीये. वर कुणी डिस्टर्ब करत नाही ही गोष्टच त्याला सोसेना. दर वीस मिनिटांनी अलर्ट बघायची सवय, आता सलग चार तास एकच फाइल. म्हणायचा डोकं दुखतं. खरी परीक्षा ही होती, ते क्लोज-वेटचं काम तर त्याच्या घरच्या मैदानावरचं होतं.

तरी त्याने जायचं ठरवलं. कारण विचारलं तर म्हणाला, रीस्टार्ट करून झोपायला जायचा कंटाळा आलाय.

बोलणी झाली ती अशी: मूळ पगार तोच, पद एक पायरी खाली, शिफ्ट अलाउन्स बंद म्हणजे महिन्याला हातात सहा-सात हजार कमी, तीन महिन्यांचं हँडओव्हर. गावी फोन केला तर वडील म्हणाले, "पगार कमी करून घ्यायचं शाणपण कुणी शिकवलं रं तुला?" बायको मात्र म्हणाली की रात्री घरी असशील तर सहा हजार मी बघते.

हँडओव्हर चालू असताना १९ जुलै २०२४ उजाडला. शुक्रवार, सकाळी साडेनऊच्या सुमारास एका सिक्युरिटी सॉफ्टवेअरचा सदोष अपडेट सुटला आणि जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळी पडली. सांगलीकर लिनक्सवाला, त्याचा संबंध नव्हता, पण विंडोज टीम एकेक मशीन सेफ मोडमध्ये नेऊन ती फाइल काढत होती आणि बिटलॉकरने डिस्क कुलूपबंद असलेल्या मशीनला ४८ आकडी रिकव्हरी की लागायची, तर हा शेजारी बसून रात्रभर आकडे वाचून दाखवत होता. सकाळी घरी जाताना म्हणाला, "दादा, ही मजा तिकडं नाय बरं का." मला वाटलं आता फिरतोय निर्णय. फिरला नाही, पण सोमवारी दिवसभर गप्प होता.

निकाल

दीड वर्ष होत आलं. काम जमतंय. व्हॅलिडेशनचा फॉर्म आता तीन दिवस घेत नाही, रिव्ह्यूमध्ये इतरांचा कोड तपासतो, एरर आल्यावर काय होईल हा प्रश्न सगळ्यात आधी विचारतो आणि त्यामुळे नवी पोरं त्याला थोडी टरकून असतात. एआयची टूल्स आल्यापासून साधा कोड पटापट लिहून मिळतो, पण तो प्रॉडक्शनला रात्री कसा वागेल हे बघायला टीम याच्याकडे येते. हातात येणारा पगार जुन्या आकड्याला पोचायला साधारण वर्ष गेलं. रात्री घरी असतो.

न जमलेलंही आहे. बाहेर दोन ठिकाणी इंटरव्ह्यू दिले, दोन्हीकडे डेटा स्ट्रक्चरच्या राउंडला गारद. सिस्टिम डिझाइनला चांगला बोलतो पण तिथपर्यंत पोचतच नाही. पहिल्या वर्षी रेटिंग मध्यम मिळालं कारण नवीन टीममध्ये पूर्ण वर्ष झालं नव्हतं, प्रमोशनची एक फेरी गेली.

सगळ्यात मोठी गडबड अशी की "तुला लिनक्स येतं ना" म्हणून डिप्लॉयमेंटचं, पाइपलाइन तुटल्याचं, टेस्ट सर्व्हरची डिस्क भरल्याचं सगळं याच्या गळ्यात. हे काम स्प्रिंटमध्ये (ठराविक आठवड्यांच्या कामाच्या हिशोबात) मोजलं जात नव्हतं आणि अलाउन्स तर नव्हताच. म्हणजे काही महिने तो दोन्ही नोकऱ्या एका पगारात करत होता. शेवटी त्याने अ‍ॅडमिनच्या सवयीने उपाय केला, प्रत्येक मदतीला तिकीट. दोन स्प्रिंटनंतर लीडला आकडा दिसला आणि ते काम चौघांत वाटलं गेलं.

वेगळं काय करता आलं असतं

अलाउन्सबद्दल त्याने अजिबात घासाघीस केली नाही. जावा टीमला नवीन माणूस बाहेरून आणायचा तर जास्त पैसे मोजावे लागले असते, त्यांना प्रॉडक्शन कळणारा माणूस घरातच मिळत होता. पहिल्या रेटिंगचं काय, सिनिअर पद परत कधी, हे ईमेलवर घ्यायला हवं होतं. तोंडी "बघू, करू" झालं होतं आणि ज्या मॅनेजरने म्हटलं तो सहा महिन्यांत कंपनी सोडून गेला.

करून बघायची कल्पना एकदम बरोबर होती, फक्त क्रम उलटा पाहिजे होता. आधी कंटाळवाणं साधं काम, मग आपल्या ओळखीचा बग. पहिल्याच कामात टाळ्या पडल्या की पुढचं सगळं तसंच असेल असं वाटतं. दुसऱ्या बाजूची तपासणी तर झालीच नाही. एल-थ्रीच्या व्हर्च्युअलायझेशन टीमसोबत चार दुपारी बसला असता तर तुलना खरी झाली असती, त्याने ती टीम फक्त लांबून बघितली.

एक पर्याय कुणी मांडलाच नाही, मी पण नाही. जावा टीममध्येच विश्वासार्हतेचं काम बघणारा माणूस, अर्धा वेळ कोड, अर्धा वेळ प्रॉडक्शन, आणि तसं पदावर लिहिलेलं. शेवटी तो तेच करत होता, फक्त नाव आणि पैसे नसताना. मागितलं असतं तर मिळालंच असतं असं नाही, पण नाही म्हणायला तरी लावलं असतं. सांगलीकरला हे पटत नाही. त्याचं म्हणणं, तसं पद घेतलं असतं तर सगळे त्याला प्रॉडक्शनलाच जुंपत राहिले असते आणि तो फॉर्मचा कंटाळवाणा भाग कधी शिकलाच नसता. यावर आमचा वाद अजून चालू आहे.

आणि कंपनीच्या बाजूने एक. वर्कअराउंड लावून बंद केलेल्या तिकिटांची यादी महिन्यातून एकदा डेव्हलपमेंट टीमला जायला हवी होती. त्या क्रॉनसारखे अजून किती आहेत ते सांगलीकरने गेल्याच्या गेल्या शोधून काढलं, एकट्या त्या क्लायंटकडे अकरा रीस्टार्ट क्रॉन निघाले. त्यातले चार आत्तापर्यंत काढून झालेत, पाचवा चेंजच्या मीटिंगमध्ये अडकलाय.